जावयाची मासळी

एप्रिल, ईस्टरनंतरचा तिसरा रविवार

कोलास,

हे पत्र रोंगाचच्या घरातून आहे. तिचा भाऊ म्हणून, त्या घराचा मामा म्हणून लिहितो आहे. तेव्हा नेहमीची थट्टा यात नाही, समजून घे.

आईचा दुखवटा उतरवायची मासळी झाली. नदीला पाणी कमी होतं, तरी मासा बरा मिळाला. शेजारच्या घरांचे जावई जाळी घेऊन उतरले. मासे भाजले, चिकट भात वाटला, मीठ ठेवलं. मग सगळे नुसते बसून राहिले. केळीच्या पानावर पहिला मासा ठेवायचा तो घरच्या जावयानं, आणि रोंगाचच्या घराला जावई एकच, तू. मी मुलगा असलो तरी मला त्या पानाला हात लावता येत नाही. शेवटी थोरली मावशी म्हणाली, "खा रे बाबांनो, गार होतंय. नदी काय पुन्हा भाजून देणार आहे?" तेव्हा लोकांनी खाल्लं. रोंगाचनं आणि तुझ्या लेकीनं, दोंगीनं, नाही खाल्लं. मीही नाही.

म्हणजे त्या घराचा दुखवटा अजून उतरलेला नाही. दोंगीच्या लग्नाचं बोलणं थांबलं आहे. मुलाकडचे म्हणतात, दुखवट्याच्या घरात आम्ही आमचा मुलगा नांदायला कसा पाठवू? त्यांचंही चुकत नाही.

कोमोदचा भाचा किलुंगहून आला होता. तो सांगत होता की तू बंदरावर जाळी सांधत बसला होतास. त्यानं लांबून हाक मारली तर तू हात केलास आणि हसलास. आईला मातीत ठेवलं, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. मी त्यावर काही म्हणत नाही.

बाकी ठीक. तुझे कपडे, कोयता आणि सणाचा लाल अंगरखा बाहेर उन्हात काढले आहेत. कपाटाला वाळवी लागली होती.

रोंगाचच्या घराचा मामा,
तफोंग


मे अखेर, मेरीमातेच्या माळेचे दिवस

प्रिय कोलास,

उत्तर नाही. किलुंगच्या चर्चच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र तुला मिळतं, असं तूच म्हणाला होतास. बोट लांब गेली असेल.

फादर आठवड्यातून दोनदाच येतात. बाकीच्या दिवशी घंटा मी वाजवतो आणि माळेची प्रार्थना मीच चालवतो. प्रार्थना चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी खोटं बरं दिसत नाही, म्हणून आज लिहायला बसलो आहे. कपाटाला वाळवी लागलेली नाही. तुझं गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवलं आहे.

रोंगाचनं ते एकटीनं बांधलं. अंगरखा घडी घालून मध्ये, त्यावर कपडे, कोयत्याला फडकं गुंडाळलेलं. रागानं बांधलेलं गाठोडं असं नसतं, हे मी तेव्हाच पाहिलं. पण मावश्या जमल्या होत्या, चुलत घरं जमली होती, आणि सगळ्यांनी माझ्याकडे तोंड केलं होतं. मामा बोलल्याशिवाय गाठोडं हे नुसतं गाठोडं असतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "या चुलीवरचा भात आता या माणसाचा नाही." एवढंच वाक्य. आपल्या आईच्या भावाच्या तोंडून ते एकदा लहानपणी ऐकलं होतं. माझ्या तोंडून निघालं तेव्हा आवाजही त्याचाच निघाला.

रोंगाच माझी सख्खी बहीण, माझ्याच आईच्या मासळीला तू आला नाहीस. त्या दिवशी मला राग होता, हे खरं. पण राग नसता तरी तेच वाक्य म्हणावं लागलं असतं. तिथं मला बोलावतात ते तेवढ्यासाठीच.

तिथून घरी आलो. काटिंग तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, "कोलासचं गाठोडं बाहेर पडलंय. त्याची आई नाही, बहीण नाही. नेणार कोण? आपल्या पडवीत ठेवू का?"

"कुणाच्या पडवीत?"

"आपल्या."

"तफोंग, ही पडवी माझ्या आईची. दुसऱ्या घरानं काढलेल्या जावयाचं सामान मी ठेवलं, तर उद्या बायका विचारतील, काटिंग, तुला एक नवरा पुरेना का?" मग स्वतःच हसली आणि भात वाढला. "त्या घरात तू मामा. इथं जेवायला बस."

बसलो.

फादरना सांगितलं. तुला ठाऊक आहेच, ते रागावले की आपली भाषा त्यांच्या देशातल्यासारखी घशातून बोलतात. म्हणाले, "देवासमोर जोडलेलं लग्न गाठोडं बाहेर ठेवून सुटत नाही. आत उचलून ठेव."

मी म्हटलं, "फादर, मी उचललं तर मामानं आपलाच शब्द गिळला असं होतं."

"मग मामा होऊ नकोस. चर्चचा माणूस हो."

"चर्चच्या माणसाला त्या गाठोड्याला हात लावता येत नाही, फादर. नात्याचा नाही तो."

फादर म्हणाले, "तीस वर्षं झाली मला इथं. अजून तुमच्यातला कुठला माणूस कुठल्या वेळी बोलतोय ते कळत नाही." मलाही कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी माळेत एक मणी तुझ्या नावाचा धरतो. तुझं नाव मोठ्यानं घेत नाही. पहिल्या बाकावर रोंगाच असते.

तफोंग


जून, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या दिवशी

कोलास, लेका,

हे पत्र आपल्या पूल जथ्यातून आहे. नदीवरचा पूल बांधला त्या वर्षी आपण पोरं मोठ्यांत आलो आणि म्हाताऱ्यांनी जथ्याला तेच नाव दिलं. तेव्हापासून जथ्याचा निरोप्या मी. तुझा बाप गेला तेव्हा तू खाडीवर होतास, आणि तुझा हात धरून सांगायला मीच आलो होतो.

काल जथा बसला होता. कापणीच्या सणाची कामं वाटून घ्यायची होती. या वर्षी आपण म्हाताऱ्यांच्या ओळीत चढणार. फुतिंग आता जथ्याचा म्होरक्या आहे, पोट सुटलंय त्याचं. त्यानं विचारलं, "कोलासच्या जागेचं काय करायचं?"

कोमोद म्हणाला, "सासूच्या मासळीला ज्याचे पाय दुखले, तो नाचायला येतोय होय?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. मग मी सहज विचारलं, "आई गेल्याचा निरोप घेऊन कोण गेलं होतं रे त्याच्याकडे? काय म्हणाला तो?"

 कोमोदनं तोंडातली सुपारी थुंकली.

"म्हणजे काय?" फुतिंग म्हणाला. "निरोप्या तू ना?"

"मी दुखवट्यात होतो. माझ्या घरचं मरण मीच पायांनी कसं नेणार?"

"ते बरोबर. पण त्या घराचा मामाही तूच. आम्हाला वाटलं, घरूनच कुणाला तरी पाठवलं असशील."

"जावयाला निरोप घरून जातो का कधी? सोबत्यांकडून जातो."

"माहीत आहे रे," कोमोद म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "पण तू आईपाशी बसलेला. तुझ्यासमोर येऊन कोण म्हणणार, 'तू रड, तुझं काम मी करतो'? म्हणजे तुला जथ्यातून उठवल्यासारखंच की."

"मग तुझ्या भाच्यानं? त्यानं तर पाहिलं त्याला."

"पोरगं ते! मरणाचा निरोप वयानं लहान माणूस देतो का? त्यानं नुसती हाक मारली."

फादरना विचारलं. त्यांनी आईच्या आत्म्यासाठी मिस्सा केली होती, किलुंगला कळवलं नव्हतं. "जावयाला तुम्ही सोबती सांगता, इतकी वर्षं पाहतोय," ते म्हणाले. "मध्ये पडलो तर तुम्हीच चिडता." सरपंचांनी तर कर्ण्यावरून पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. पण कर्णा पुलापर्यंत ऐकू येतो.

म्हणजे तू हसलास, कारण तुला काही ठाऊकच नव्हतं. आणि ठाऊक होणार ते माझ्या पहिल्या पत्रातून. त्यात मी पानाचं लिहिलं, भाताचं लिहिलं, आणि आई गेली हे साधं वाक्यसुद्धा लिहिलं नाही.

तर आता लिहितो. तुझा हात माझ्या हातात आहे असं समज.

आई गेली. दुपारी अंगणात कांगाची कणसं चोळत बसली होती. दोंगीला म्हणाली, पाणी आण. दोंगी पाणी घेऊन आली तेव्हा मांडीवर कणसं तशीच होती. दुखलं-खुपलं काही नाही. सकाळीच तिनं मला विचारलं होतं, "कोलासची बोट केव्हा लागणार?" मी म्हटलं, समुद्रालाच ठाऊक. "आला की त्याला सांग," म्हणाली, "कुंपणाचा बांबू कुजलाय." हा तिचा तुझ्यासाठीचा शेवटचा निरोप. तोही पोचवायचा राहिला होता.

तिथूनच रोंगाचकडे गेलो. सगळं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली, गाठोड्याकडे पाठ करून. 

मी म्हटलं, "घे आत."

"कशी घेऊ, दादा? तू सगळ्यांसमोर बोललास. मी आत आणलं तर मामाचा शब्द खोटा. ज्या घराच्या मामाचा शब्द खोटा, त्या घरच्या पोरीला मुलगा कोण देईल?"

"मग ठरू दे मला खोटा."

"तुझं काय जातंय? तू संध्याकाळी तुझ्या बायकोच्या घरी जाऊन जेवतोस. इथं आम्ही राहतो." मग हळू आवाजात म्हणाली, "त्यानं येऊन विचारलं, माझं गाठोडं बाहेर का, तर मला बोलता येईल. त्यानं विचारलं तरच."

आणि आपल्यात पुरुष विचारत नाही. आपलं गाठोडं बाहेर दिसलं की उचलायचं आणि चालू लागायचं. मान खाली घालायची नाही, मागं बघायचं नाही. हे आपल्याला पोरपणी शिकवलं, तेव्हा किती मोठेपणाचं वाटलं होतं.

वाणीण आ-हुन मावशीच्या दुकानातून तुझ्या बोटीच्या कचेरीत फोन केला. सरकारी भाषेत बोलायचं म्हणून आधी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. पलीकडची मुलगी म्हणाली, "आपण त्यांचे कोण?" मी म्हटलं, बायकोचा भाऊ. "म्हणजे घरचे नाही." मी म्हटलं, सोबती. "कुठल्या कंपनीतले?" मी म्हटलं, पुलाच्या. तिनं फोन ठेवला. मावशी इतकी हसली की तिनं पैसेच घेतले नाहीत.

तुझा निरोप्या,
तफोंग


जुलै, वादळाच्या सूचनेचा दिवस

कोलास,

कर्ण्यावरून सांगताहेत, बोटी वर ओढा, छपरांवर दगड ठेवा. पूर्वेला समुद्र तांब्यासारखा झालाय.

सकाळी मी ताडपत्री घेऊन रोंगाचकडे गेलो. ज्या घरातलं गाठोडं, त्या घरच्या कुणी त्याला हात लावायचा नाही. ज्याचं गाठोडं, त्याच्या आईच्या घरच्यांनी न्यायचं, आणि तिथं कुणीच नाही. म्हणून हात न लावता वरून ताडपत्री टाकली आणि कडेनं दगड लावले. थोरली मावशी दारातून ओरडली, "काय रे, मामा टाकतोय की सोबती टाकतोय?"

मी म्हटलं, "पाऊस विचारत नाही, मावशी."

"पाऊस नाही विचारत. पण बाकीचे विचारतील, म्हणून विचारते. काय सांगू?"

 रोंगाच खिडकीशी होती. म्हणाली, "मावशी, सांग, वाऱ्यानं आणून टाकली." आणि मला एक दगड दाखवला, तो नीट बसला नव्हता.

आता मुद्द्याचं. पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण हात तिथं पोचायला वेळ लागला. तू येशील तेव्हा ते गाठोडं उचलू नकोस. दिसलं तरी उचलू नकोस. दारात उभा राहा आणि रोंगाचला विचार. तेवढं जमलं नाही तर मागं फीर आणि आधी माझ्याकडे ये. मी शेतात असेन नाहीतर चर्चमध्ये. आपण दोघं मिळून जाऊ. जथ्यानं ठरवलंय, सगळे मिळून तुझ्या मागं उभे राहू, आणि तू एक प्रश्न विचारायचास. कोमोद म्हणतो, "त्याच्या तोंडून नाही निघाला तर मी ढोपरानं ढोसेन."

मी रोज देवाला सांगतो की याला एवढी लाज सोडायची बुद्धी दे. मग लक्षात येतं, माझी लाज मला सोडवत नाही आणि मी तुझ्यासाठी मागतोय.

तुझी जागा नाचाच्या रिंगणात माझ्या आणि फुतिंगच्या मधे आहे.

तफोंग


ऑगस्ट, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणानंतर

कोलास,

हे पत्र कुठं पाठवायचं ठाऊक नाही. किलुंगच्या फादरना देतो आहे, जथ्यातल्या जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे निरोप देतो आहे, आ-हुन मावशीला सांगून ठेवलं आहे की त्याचा फोन आला तर त्याला धरून ठेव आणि कुणालाही माझ्याकडे पळत धाड. या वेळी मी कुणावरही सोडलेलं नाही, आणि कुणीतरी केलं असेल असं समजलेलो नाही.

किलुंगच्या फादरनी सांगितलं, तू शनिवारी आलास आणि तीन पत्रं नेलीस. चौथं सोमवारी पोचलं. वादळात रस्ता तुटला होता.

तू सणाच्या पहिल्या दिवशी आलास. त्या दिवशी सगळे पुरुष मैदानावर, आणि बायकांनी तिकडे फिरकायचं नाही, म्हणून त्या मळ्यात. रोंगाच आणि दोंगी वरच्या शिवारात होत्या. गावात माणूस म्हणून एक आ-हुन मावशी, तिला आपला सण नाही, दुकान उघडून बसलेली. तू बसमधून उतरताना तिनं पाहिलं. हातात टोपली होती, वर बर्फ आणि पाला. तू तिला बोललास, "मावशी, बरी आहेस ना?" आणि वर गेलास. बऱ्याच वेळानं खाली आलास तेव्हा टोपली नव्हती, पाठीवर गाठोडं होतं.

मी तिच्यावर रागावलो. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोललो असेन. "थांबवलं का नाहीस? मैदान काय लांब होतं?"

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "तुमच्यातलं तुमच्यात. मला वाटलं, घरचे बोलले असतील त्याच्याशी."

पुन्हा तेच वाक्य. 

मग तिनंच सांगितलं. बसला वेळ होता. तू दुकानासमोरच, मैदानाच्या वळणापर्यंत गेलास आणि चिंचोळ्या रस्त्यावर उभा राहिलास. गाठोडं खाली ठेवलं नाहीस. आम्ही त्या वेळी म्हाताऱ्यांत चढतानाचं गाणं म्हणत होतो. त्यात दुसरी ओळ उचलायची ती तू, लहानपणापासून. ती ओळ आम्ही कुणी घेतली नाही, तेवढा वेळ सगळे गप्प राहून फक्त पावलं टाकत होतो. तुझ्या जागेसाठी मी आणि फुतिंगनं हात लांब धरले होते. मावशी म्हणाली, "आवाज नाही आला. पण त्याचे ओठ हलत होते, एवढं मी पाहिलं. मग बस आली."

मी पाठमोरा होतो, कोलास. माझी पाठ त्या वळणाकडे होती.

रोंगाच संध्याकाळी आली तेव्हा ताडपत्री घडी घालून ठेवलेली, दगड एकावर एक रचलेले, कुंपणाचा कुजलेला बांबू बदललेला, आणि गाठोडं होतं तिथं केळीच्या पानावर मासा. एकच, मोठा, पोट साफ केलेलं. तू विचारलं नाहीस, पण पहिला मासा पानावर ठेवून गेलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावश्या जमल्या. थोरली म्हणाली, "जावयानं ठेवलाय, खा आणि दुखवटा उतरवा." धाकटी म्हणाली, "गाठोडं उचललेला माणूस जावई कसला? त्याचा मासा परक्याचा मासा. तो खाल्ला तर दुखवटा दुप्पट." कुणी म्हणालं, आधी मासा ठेवला की आधी गाठोडं उचललं, त्यावर आहे. ते पाहिलेलं कुणी नाही. मग सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे तोंड केलं.

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. काहीही निघालं नाही. जथ्यातला माणूस, चर्चचा माणूस, मामा, कुणीच नाही. आई असती तर म्हणाली असती, बस खाली, उगाच उभा राहू नकोस. मी खाली बसलो. काटिंग मागं उभी होती. ती कधी त्या घरी येत नाही, त्या दिवशी आली होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

मावश्या बोलतच होत्या. ऊन वर चढत होतं, पानावर माश्या बसायला लागल्या. रोंगाच उठली, मासा उचलून आत नेला. आम्हाला वाटलं, शिजवते. ती खडेमीठ घेऊन बसली. आतून बाहेरून चोळलं, तोंडात भरलं, आणि चुलीच्या वर धुरात टांगला, तुझा अंगरखा टांगायच्या खुंटीला.

"हे काय गं?" थोरलीनं विचारलं. "खायचा की नाही खायचा?"

"मीठ लावलंय," रोंगाच म्हणाली. "आता घाई नाही."

तो अजून तिथंच आहे. रविवारी प्रार्थनेनंतर मी जातो तेव्हा वर बघतो. दोंगी रोज खालून धूर करते. दमट हवा आहे, एका कडेला रंग बदलायला लागलाय, तिथं रोंगाचनं पुन्हा मीठ चोळलं.

तफोंग